चूल नवी, धुराडे जुने : जोडण्यापूर्वी काय पाहावे?

(शेतकरी व महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे, खते आणि पाणी यांच्यावर आपण नेहमीच बोलतो. आज मला दिलेला विषय घरातला आहे. कृषिविद्येच्या माणसाने चुलीवर आणि धुराड्यावर का बोलावे, असे काहींना वाटेल. पण आपल्या चुलीत जे जळते ते बहुतांशी आपल्याच शेतातून येते. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी आणि तुराटी, उसाच्या भागात चिपाड, कोकणात फाटी, झावळ्या आणि करवंट्या, आणि सगळीकडे गोवऱ्या. पीक निघाल्यावर जे मागे उरते त्याचे काय करावे हा कृषिविद्येचा विषय आहे. तेव्हा त्याचा धूर कोठे जातो, हेही पाहणे आलेच.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत गॅसची शेगडी पोहोचली. पण गॅस आला म्हणून चूल गेली, असे झालेले नाही. आंघोळीचे पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण, सुगीतल्या मजुरांचा स्वयंपाक यांसाठी चूल अजून पेटतेच. मात्र चुली बदलत आहेत. जुनी फुटकी चूल काढून कोणी दोन भांड्यांची सुधारित चूल बसवतो, कोणी बाजारातून लोखंडी चूल आणतो. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "नळी तर चांगली उभी आहे. तीच ठेवली तर चालेल ना?"

याचे उत्तर असे आहे की पुष्कळदा चालते, पण न तपासता कधीही चालत नाही. जुने धुराडे जुन्या चुलीच्या मापाचे असते आणि नव्या चुलीचे माप वेगळे असते. ही तपासणी एका सकाळीत होते आणि तिला फारसा खर्च नाही. ती कशी करावी, एवढेच आज सांगायचे आहे.

जुनी धुराडी आली कोठून?

बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून आलेली मगन चूल तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. पुढे १९८३-८४ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. तो २००२ मध्ये बंद झाला, तोपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच चुली काही वर्षांतच फुटल्या किंवा लोकांनी काढून टाकल्या, पण छतातून वर गेलेल्या नळ्या पुष्कळ घरांत तशाच उभ्या राहिल्या.

साधारणपणे आपल्याकडे चार प्रकारची धुराडी दिसतात. पहिला प्रकार म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटची करडी नळी, बहुधा तीन किंवा चार इंच व्यासाची. दुसरा, पत्र्याची नळी. तिसरा, विटांचे बांधलेले चौकोनी धुराडे. आणि चौथा, माळवदाच्या घरात छताला ठेवलेले सानं. सानं हे खऱ्या अर्थाने धुराडे नव्हे. ते धुराला वाट देते, पण धूर ओढून घेत नाही.

धुराडे धूर ओढते म्हणजे काय?

गरम हवा हलकी असते, म्हणून ती वर जाते. धुराड्यात गरम धुराचा उंच खांब उभा राहिला की खालून त्याच्या जागी ताजी हवा चुलीत शिरते. या ओढीवर दोन गोष्टींचा परिणाम होतो : धुराड्याची उंची आणि आतल्या धुराची उष्णता. उंची वाढली की ओढ वाढते आणि धूर थंड पडला की ओढ कमी होते. एक किलो कोरडे लाकूड पुरते जळायला किमान पाच-सहा किलो हवा लागते, म्हणजे सुमारे पाच घनमीटर. एवढी हवा चुलीत यायची असेल, तर तेवढा धूर वरून बाहेर पडलाच पाहिजे.

आता जुनी चूल आणि नवी चूल यांतला फरक पाहा. उघड्या चुलीत जळणाची बरीचशी उष्णता वाया जाते, भांड्याला जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास मिळते. सुटी सुधारित चूल भारतीय मानकानुसार किमान २५ टक्के कार्यक्षम असावी लागते. याचा अर्थ नवी चूल उष्णता भांड्याला अधिक देते आणि धुराड्यात जाणारा धूर त्या मानाने थंड असतो. जळणाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण जुने धुराडे जर रुंद, भेगा पडलेले किंवा बाहेरच्या गार भिंतीत असेल, तर हा थंड धूर त्यात आणखी गार होतो. ओढ मंदावते, धूर घरात परततो आणि दोष नव्या चुलीला लावला जातो. "नवी चूल धूर करते" ही तक्रार ऐकली की मी आधी नळीकडे पाहायला सांगतो.

पाच तपासण्या

१. माप : धुराड्याचे आतले माप नव्या चुलीच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा लहान असता कामा नये. येथे एक इंच किती महत्त्वाचा आहे ते पाहा. तीन इंची नळीचे आतले क्षेत्र सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर असते आणि चार इंचीचे सुमारे ७८. इंच वाढला एकच, पण वाट पावणेदोन पट झाली. चार इंची तोंडाची चूल तीन इंची नळीला मधे कमी करणारा पत्रा घालून जोडली, तर धुराला निम्म्याहून थोडीच अधिक वाट मिळते.

उलट बाजूही आहे. नऊ इंच बाय नऊ इंच आकाराच्या विटांच्या धुराड्याचे क्षेत्र सुमारे ५०६ चौरस सेंटिमीटर भरते. ते चार इंची तोंडाच्या सहा पटींहून अधिक आहे. एवढ्या रुंद जागेत धूर पसरतो, थंड होतो आणि भिंतीला डांबर धरते. धुराडे चुलीच्या तोंडाच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्रापेक्षा मोठे असू नये. त्याहून मोठे असेल तर ते पाडण्याची गरज नाही. त्याच्या आतून योग्य मापाची पत्र्याची नळी वरपर्यंत सोडावी आणि नळी व विटा यांमधली फट वर व खाली बंद करावी. विटांचे धुराडे आधार देईल आणि नळी धूर नेईल.

२. मजबुती : धुराडे बाहेरून पाहावे, हाताने हळूच ठोकून पाहावे. विटांचे सांधे निघालेले, चुना-माती गळालेली, पत्रा गंजून चाळण झालेला, सिमेंटची नळी तडकलेली असेल तर ते धुराडे तसेच वापरू नये. सूक्ष्म भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी धूर-चाचणी करावी. वरचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकून खाली थोडा ओला पाला पेटवावा आणि धुराड्याच्या सर्व बाजूंनी, विशेषतः माळ्यावर आणि वाश्यांजवळ, धूर कोठून निघतो ते पाहावे. ही चाचणी दारे-खिडक्या उघड्या ठेवून, दोन माणसांनी आणि दोन-तीन मिनिटांतच उरकावी. नंतर गोणपाट काढायला विसरू नये. जेथून धूर येतो तेथून ठिणगी आणि विषारी वायूही येऊ शकतो.

३. स्वच्छता : काजळीचा थर धुराची वाट किती अडवतो, याचा अंदाज आपल्याला नसतो. तीन इंची नळीला आतून सगळीकडे एक सेंटिमीटर थर बसला, तर ४४ चौरस सेंटिमीटरची वाट सुमारे २४ वर येते. नळी बाहेरून तीच दिसते, पण आतून ती निम्मी झालेली असते.

काजळी दोन तऱ्हेची असते. एक कोरडी, भुकटीसारखी, बोटाने निघणारी. दुसरी काळी, चकचकीत, डांबरासारखी चिकट किंवा काचेसारखी कडक. ही दुसरी अधिक धोक्याची, कारण ती स्वतः पेट घेते. असे धुराडे पेटले की आतली उष्णता १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. जुन्या चुलीने वर्षानुवर्षे साठवलेले हे डांबर नव्या चुलीच्या पहिल्याच मोठ्या जाळाला पेटू शकते. म्हणून नवी चूल जोडण्याआधी धुराडे तळापर्यंत साफ करणे ही पहिली अट समजावी. डांबर खरवडूनही निघत नसेल तर नळी बदलावी.

वर्षानुवर्षे न वापरलेल्या धुराड्यात पक्ष्यांची घरटी, गांधीलमाशीची पोळी, पडलेल्या विटा सापडतात. खालून आरसा धरून वर पाहावे. आभाळाचा गोल किंवा चौकोन स्वच्छ दिसला तर वाट मोकळी आहे. नळीला वळण असेल तर आरशाने दिसणार नाही, तेथे दोरीला वजन बांधून वरून सोडून पाहावे.

४. उंची : धुराडे छतातून जेथे बाहेर येते तेथून किमान तीन फूट वर असावे आणि दहा फुटांच्या आत जे आढे, भिंत किंवा टाकी असेल त्यापेक्षा किमान दोन फूट उंच असावे. आढ्याच्या खाली राहिलेल्या धुराड्यात वारा वरून दाबला जातो आणि धूर उलटा फिरतो. पुष्कळ घरांत नळी बसवली तेव्हा एकच मजला होता. नंतर शेजारी खोली चढली, पाण्याची टाकी आली आणि नळी खाली राहिली. म्हणून उंची आजच्या घराप्रमाणे मोजावी. वर टोपी हवीच, पण टोपी आणि नळीचे तोंड यांत नळीच्या व्यासाइतके अंतर ठेवावे. तोंडाला चिकटवलेली टोपी पाऊस अडवते तशी धूरही अडवते.

५. आगीपासूनचे अंतर : नळी जेथे छतातून जाते ती जागा सर्वांत नाजूक. साधी एकेरी पत्र्याची नळी लाकूड, गवत, पाचट, बांबू, प्लॅस्टिक यांपासून किमान दीड फूट लांब असावी. नळी वाश्याला टेकलेली असेल, तर वर्षानुवर्षे तापून ते लाकूड कोळशासारखे होते आणि कमी उष्णतेतही पेट घेते. "इतकी वर्षे काही झाले नाही" हा येथे पुरावा होऊ शकत नाही. छपराची घरे असतील तेथे नळीभोवती रुंद पत्र्याची चौकट बसवून गवत मागे कापावे.

ॲस्बेस्टॉसच्या नळीविषयी स्वतंत्रपणे

करड्या सिमेंटच्या नळ्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर तेथेच राहतात आणि त्यामुळे होणारे आजार, त्यात कर्करोगही आला, वीस-तीस वर्षांनी दिसतात. अखंड, न तुटलेली नळी जागेवर उभी असताना हा धोका कमी असतो. ती कापली, घासली, भोके पाडली किंवा फोडली की तंतू हवेत येतात.

म्हणून नवी चूल बसवताना या नळीला करवत, ग्राइंडर किंवा ड्रिल लावू नये. आतून तारेच्या ब्रशाने कोरडी खरवडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दुसरी गोष्ट म्हणजे अशी नळी जास्त उष्णतेने तडकते, काही वेळा फुटून तिचे तुकडे उडतात. त्यामुळे जाळ जोरात लागणाऱ्या लोखंडी चुलीला ती थेट जोडू नये. माझा सल्ला असा की नवी चूल आणतच आहात तर ही नळी बदलावी. काढताना पाणी मारून ओली करावी, नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, शक्यतो अखंड उतरवावी, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी आणि विल्हेवाटीविषयी ग्रामपंचायतीत विचारावे. तिचे तुकडे करून अंगणात भर म्हणून टाकू नयेत. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

नवी चूल कोणती, त्यावर निर्णय

दोन भांड्यांची बांधीव चूल : लक्ष्मी चुलीसारख्या या चुलीत पहिल्या भांड्याखालची ज्योत वैलाकडून धुराड्यात जाते. हिला धुराडे लागतेच. पाचही तपासण्यांत जुने धुराडे उतरले तर आनंदाने वापरावे. चूल धुराड्याच्या जवळात जवळ बांधावी.

नळी नसलेली सुटी चूल : बाजारात मिळणाऱ्या अनेक चुली अशा असतात. त्या जळण कमी घेतात आणि धूरही कमी करतात, पण जो धूर होतो तो घरातच राहतो. येथे मोठी गफलत होते. नवी चूल आली म्हणून लोक जुनी नळी काढतात आणि छताचे भोक बुजवतात. पूर्वी बाहेर जाणारा धूर मग आत कोंडतो. अशी चूल ओसरीवर किंवा उघड्या पडवीत वापरावी. आतच वापरायची असेल तर जुन्या धुराड्याखाली पत्र्याचा उलटा नरसाळ्यासारखा मुखवटा करून त्याखाली चूल ठेवावी. पूर्ण धूर त्यातून जाणार नाही, म्हणून खिडकीही उघडी हवी.

नळी असलेली लोखंडी चूल : हिचे तोंड मोजूनच खरेदी करावी. आपल्या धुराड्याचे माप कागदावर लिहून दुकानात न्यावे. घरी आणल्यावर माप जुळत नाही असे कळून काही उपयोग नाही.

गॅस किंवा गोबरगॅस : या शेगड्या धुराड्याला जोडायच्या नसतात. पण स्वयंपाकघराला हवा लागतेच, म्हणून जुने धुराडे एकदम बुजवण्याची घाई करू नये. साफ करून, वर जाळी व टोपी लावून ठेवावे. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, वरच्या धुराड्यातून जात नाही. त्यासाठी दाराखाली किंवा भिंतीत खालच्या बाजूस झरोका असावा.

जोडताना

आडवी नळी शक्य तितकी आखूड, तीन फुटांच्या आत ठेवावी आणि धुराड्याकडे जाताना तिला फुटाला किमान पाव इंच चढ द्यावा. वळणे दोनपेक्षा जास्त नकोत आणि ती काटकोनात देण्याऐवजी तिरकी द्यावीत. नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जावे. असे केले की आतले डांबराचे पाणी आतूनच खाली येते, उलट केले तर सांध्यांतून बाहेर गळते. सांधे माती, शेण आणि तुसाच्या गिलाव्याने लिंपावेत. धुराड्याच्या तळाशी काजळी काढायला झाकणाचे तोंड ठेवावे. या झाकणाचा खर्च टाळला तर पुढे धुराडे साफ करण्याचाच कंटाळा येतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी चुलीच्या अगदी जवळ लावू नये. जास्त तापल्यावर तिच्यावरचा जस्ताचा थर वितळतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो. चुलीजवळचे पहिले चार-पाच फूट काळ्या जाड पत्र्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. कोकणात व घाटमाथ्यावर काळा पत्रा लवकर गंजतो, तेथे स्टेनलेस स्टील शेवटी स्वस्त पडते.

एका धुराड्याला दोन जाळ जोडू नयेत. पुष्कळ घरांत चूल आत आणि पाण्याचा बंब भिंतीपलीकडे, आणि दोन्हींचा धूर एकाच नळीत सोडलेला असतो. बंब पेटलेला आणि चूल विझलेली असताना बंबाचा धूर चुलीच्या तोंडातून स्वयंपाकघरात उतरतो. बंबाला स्वतंत्र नळी द्यावी.

बांधीव चूल पूर्ण वाळल्यानंतरच वापरावी आणि पहिले काही दिवस जाळ मंद ठेवावा. पहिल्या दिवशी जाळ लावल्यावर चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर जोडणी बरोबर आहे. बाहेर आला तर भांडी चढवण्याआधी कारण शोधावे.

धुराडे टिकते ते जळणावर

आता माझ्या विषयाकडे येतो. ओल्या फाट्यात चाळीस टक्के पाणी असणे ही नवलाची गोष्ट नाही. पाच किलो असे जळण घातले म्हणजे दोन किलो पाणी चुलीत घातले. ते वाफ होऊन धुराड्यातूनच जाते. जाताना जाळ मंद करते, धूर थंड करते आणि वर थंड भिंतीला डांबर चिकटवते. चूल कितीही चांगली असली तरी ओले जळण धुराडे बिघडवतेच.

म्हणून जळण पावसाळ्यापूर्वी वाळवून छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. जाड फाटे चिरून ठेवावेत. पऱ्हाटीबाबत दुसरीही काळजी आहे. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तेथूनच पुन्हा शेतात येते. पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा शेताजवळ वर्षभर रचून ठेवू नयेत. जळणापुरती पऱ्हाटी बोंडे काढून, ती नष्ट करून ठेवावी आणि पुढच्या लागवडीपूर्वी संपवावी. उरलेली बारीक करून कंपोस्टला घालावी.

प्लॅस्टिक, रबर, रंग दिलेली लाकडे आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे चुलीत जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि त्याने नळीही खराब होते.

वर्षभराची देखभाल

महिन्यातून एकदा तळाचे झाकण उघडून पाहावे. पाव इंचाचा थर दिसला की साफ करावे. मृग लागण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा पूर्ण सफाई करावीच. चूल थंड असताना तिचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकावे, बांबूला काथ्या किंवा गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून वरून खाली फिरवावा. नाकाला फडके बांधावे. पत्र्यांवर किंवा कौलांवर चढताना शिडी दोघांनी धरावी.

धुराड्याने पेट घेतलाच, म्हणजे आतून घोंघावण्याचा आवाज आणि वरून ठिणग्या आल्या, तर सर्वांना व जनावरांना बाहेर काढावे. जमल्यास चुलीचे तोंड झाकून हवा तोडावी. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये. त्याची एकदम वाफ होते आणि धुराडे फुटते. पाणी भोवतालच्या छतावर, गवतावर मारावे. मदतीसाठी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. एकदा पेटलेले धुराडे पुन्हा धूर-चाचणी केल्याशिवाय वापरू नये.

थंडीत निखारे तसेच ठेवून, दारे लावून स्वयंपाकघरात झोपण्याची सवय काही घरांत आहे. धुराडे तुंबलेले असेल तर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे झाले तर ते पित्त समजू नये. लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपुढे सर्वांत जास्त वेळ घरातली बाई असते आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीशी मूल असते. पिकाला फवारताना आपण तोंडाला फडके बांधतो, पण रोजच्या धुरासाठी मात्र काहीच करत नाही. बंधूंनो, धुराडे साफ करणे, नळी बदलणे ही कामे छतावर चढण्याची आहेत. ती पुरुषांनी आपल्याकडे घ्यावीत, अशी माझी विनंती आहे.

थोडक्यात, जुने धुराडे ठेवायचे असेल तर माप, मजबुती, स्वच्छता, उंची आणि आगीपासूनचे अंतर या पाच गोष्टी पाहा. पाचही जुळल्या तर ठेवा. एकही जुळली नाही तर आधी धुराडे दुरुस्त करा, मग चूल जोडा. 

श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : गुऱ्हाळाचे चुलाण नव्याने बांधतो आहोत. जुनी विटांची चिमणी ठेवावी का?
उत्तर : नियम तोच आहे, फक्त मापे मोठी. कढया किंवा चुलाणाचा आकार बदलला की धुराचे प्रमाण बदलते. म्हणून नवे चुलाण बांधणाऱ्या जाणकाराकडून आधी चिमणीचे आतले माप आणि उंची तपासून घ्या. चुलाणापासून चिमणीपर्यंतच्या बोगद्यात राख साठलेली असते, ती पूर्ण काढा. चिमणी बाहेरून तडकलेली असेल तर हंगामात धोका पत्करू नका. चिपाड मात्र चांगले वाळलेलेच वापरा.

प्रश्न : पावसाळ्यात चूल पेटवताना पहिली पाच मिनिटे धूर घरात येतो. नळी तर साफ आहे.
उत्तर : नळीत थंड, दमट हवा बसलेली असते, ती धूर वर जाऊ देत नाही. तळाच्या झाकणाच्या तोंडातून एक कोरडा कागद पेटवून आत धरा. नळी थोडी तापली की ओढ सुरू होते. त्यानंतर चूल पेटवा. रोजच असे होत असेल तर उंची आणि टोपी तपासा.

प्रश्न : धुराड्याची काजळी आणि चुलीची राख शेतात टाकावी का?
उत्तर : राख आणि काजळी वेगळी ठेवा. लाकडाच्या स्वच्छ राखेत पालाश आणि चुना असतो. कोकणातल्या आम्ल जमिनीत ती उपयोगी पडते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी आधीच विम्लधर्मी आहेत, तेथे ती बेताने वापरा. युरिया किंवा ताज्या शेणखतात राख मिसळू नका, त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. डांबरी काजळी शेतात किंवा उकिरड्यात टाकू नका. ती विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा.